झूम असावा की नसावा: रायफलवरच्या दुर्बिणीची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आम्ही तोफांचा नेम कसा धरत यावर बोललो होतो. ते संपल्यावर जिन्यात एका तरुणानं आम्हाला गाठलं. हातात मोबाईल, त्यावर दोन दुर्बिणींची चित्रं आणि किमती. म्हणाला, "सर, रायफलवर स्कोप लावायचाय. फिक्स घेऊ की व्हेरिएबल?" आम्ही इतिहासवाले, दुकानदार नव्हे. पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण नेमका हाच प्रश्न गेल्या शंभर वर्षांत मोठमोठ्या सैन्यांना पडलेला आहे, आणि त्यांनी त्याची उत्तरं दोनदा फिरवलेली आहेत. त्याला म्हटलं, पुढच्या वेळी या, तोवर काही विकत घेऊ नका. आलाय का तो? हां, मागच्या रांगेत आहे. बसा, तुमचा प्रश्न शेवटी घेऊ.

आधी शब्द ठरवून घेऊ. एकाच पटीनं मोठं दाखवणारी, म्हणजे चार पट तर कायम चार पट, तिला आज आपण ठरीव पटीची दुर्बीण म्हणू. कडं फिरवलं की तीन पटीवरून नऊ पटीवर जाते ती झूमची. वरवर पाहता झूमवाली सरसच वाटते. तीनही मिळतात, नऊही मिळतात, मग ठरीव कोण घेईल? पण अमेरिकेच्या मरीन सैन्यानं १९६६ मध्ये झूमची दुर्बीण घेतली, पंधराएक वर्षांत ती टाकून ठरीव दहा पटीची घेतली, आणि २००० नंतर पुन्हा झूमकडे वळलं. असं का झालं, एवढंच आज बघायचं आहे.

सुरुवात एका गैरसमजापासून करू. दुर्बीण लांबचं जवळ आणते म्हणून नेम सुधारतो, असं सगळ्यांना वाटतं. ते अर्धंच खरं. साध्या बंदुकीवर नेम धरताना डोळ्याला तीन गोष्टी एका ओळीत आणाव्या लागतात: जवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लांबचं लक्ष्य. तिन्ही वेगवेगळ्या अंतरांवर, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्वच्छ पाहू शकतो. चाळिशी ओलांडलेल्यांना हे समजावून सांगायला नको. (हशा) दुर्बिणीत लक्ष्याची प्रतिमा आणि नेमाचा काटा एकाच प्रतलात येतात. तीनऐवजी एकच गोष्ट पाहायची. हा फायदा दोन-अडीच पटीच्या दुर्बिणीतही पुरेपूर मिळतो. म्हणून जुन्या सैनिकी दुर्बिणींचे आकडे वाचून आपल्याला हसू येतं, ते येऊ नये. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड स्नायपर रायफलवर अवघी २.२ पटीची दुर्बीण होती.

मघाशी एका बाईंनी चिठ्ठी पाठवली की आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक घेतलं, त्याच्या रायफलवर कुठली दुर्बीण होती? कुठलीच नाही. ऑलिंपिकच्या त्या प्रकारात मोठं करून दाखवणारी दुर्बीण चालत नाही. मागे बारीक भोक, पुढे गोल कडं, आणि पन्नास मीटरवरचं काळं वर्तुळ. बारीक भोकातून पाहिलं की जवळचं-लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं, त्यावर तो सगळा खेळ उभा आहे. फिनलंडचा सिमो हेह्या हाही बिनदुर्बिणीचाच. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात त्याच्या नावावर पाचशेच्या वर रशियन सैनिक मोजले गेले. दुर्बीण लावली की डोकं वर उचलावं लागतं, काच चमकते, आणि उणे तीस अंशांत श्वासानं काच धुरकटते. हा काचेवरचा अविश्वास लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

रायफलवरच्या दुर्बिणीचा लिखित इतिहास १८४० च्या दशकात अमेरिकेत सुरू होतो. जॉन चॅपमन नावाच्या इंजिनिअरनं १८४४ च्या पुस्तकात मॉर्गन जेम्स या बंदूकवाल्यानं केलेल्या दुर्बिणींचं वर्णन दिलं. १८५५ पासून सिरॅक्यूज गावचा विल्यम माल्कम चांगल्या भिंगांच्या दुर्बिणी करू लागला, अगदी तीन पटीपासून वीस पटीपर्यंत. जवळजवळ नळीएवढ्या लांब. अमेरिकन यादवी युद्धात अशाच दुर्बिणी वापरल्या गेल्या. दक्षिणेकडच्या नेमबाजांच्या काही व्हिटवर्थ रायफलींवर डेव्हिडसन नावाची दुर्बीण असे. हा डेव्हिडसन म्हणजे कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात नोकरी केलेला स्कॉटिश अधिकारी. आपल्याकडचा धागा आला म्हणून सांगितला, पुढे जाऊ. या सगळ्या ठरीव पटीच्या होत्या, कारण दुसरं काही करणंच शक्य नव्हतं.

पहिल्या महायुद्धात जर्मनांनी शिकाऱ्यांकडच्या दुर्बिणीवाल्या रायफली गोळा करून खंदकात पाठवल्या. इंग्रजांकडे तसं काही तयार नव्हतं. हेस्केथ-प्रिचर्ड या शिकारी-लेखकानं खटपट करून १९१६ मध्ये स्नायपिंगची शाळा उभी केली. त्या वेळच्या पुष्कळ इंग्रजी रायफलींवर दुर्बीण नळीच्या डाव्या अंगाला बसवलेली असे, म्हणजे लोखंडी फळीच्या अरुंद भोकातून बंदूक बाहेर काढली की दुर्बिणीसमोर फळीच यायची. कागदावर निर्णय घेणारे लोक कधी कधी खंदकात गेलेले नसतात, एवढंच म्हणतो.

आता एक छोटं गणित. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. रशियाची पीयू दुर्बीण: भिंग साधारण २२ मिलिमीटर, पट साडेतीन. उत्तर सहाच्या वर. अंधारात तरुण माणसाची बाहुली सातएक मिलिमीटर उघडते. म्हणजे एवढ्याशा, मुठीत मावणाऱ्या दुर्बिणीतून संधिप्रकाशात डोळ्याला मिळू शकतो तेवढा जवळपास सगळा उजेड मिळतो. हीच दुर्बीण नऊ पटीची केली असती तर झोत अडीच मिलिमीटरचा झाला असता आणि पहाटे काही दिसलं नसतं. पट वाढवायची तर भिंग वाढवा, भिंग वाढवलं तर वजन वाढतं, दुर्बीण नळीपासून उंच बसते, डोकं उंच जातं. फुकट काही मिळत नाही.

या पीयूची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण आजच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे. तिच्या आधी रशियनांकडे पीई नावाची चार पटीची दुर्बीण होती, जर्मन नमुन्यावरून घेतलेली. चांगली, मोठी. तिला डोळ्याच्या बाजूला एक कडं होतं. प्रत्येकानं आपल्या चष्म्याच्या नंबराप्रमाणे फिरवून चित्र स्वच्छ करायचं. सोय उत्तम. पण जिथे कडं फिरतं तिथे फट असते, आणि जिथे फट असते तिथे पाणी शिरतं. पावसात, बर्फात, घामात आतून बाष्प धरायचं. रशियनांनी काय केलं? ते कडंच काढून टाकलं, आणि त्या सुधारित दुर्बिणीला पीईएम म्हटलं. पुढे पीयूमध्ये आणखी काटछाट केली. मुळात ती टोकारेव्ह या अर्धस्वयंचलित रायफलसाठी होती, १९४२ पासून ती जुन्या मोसिन रायफलीवर बसवू लागले. उंची-बाजूच्या दोन गुंड्या सोडल्या तर तिच्यात हात लावण्यासारखं काही नाही. शाळा सोडून आलेल्या पोराला तासाभरात शिकवता येईल अशी.

समोरच्या जर्मनांनी लाखाच्या वर बनवलेली झेडएफ ४१ ही दीड पटीची दुर्बीण बघा. ती रायफलवर इतकी पुढे बसवलेली की डोळ्यापासून वीतभराच्या पलीकडे. कारखान्याला सोपी, मोर्चावर कुणाला आवडली नाही. काही नावाजलेले जर्मन स्नायपर हाती लागलेली रशियन रायफल आणि तिची पीयू वापरत. शत्रूची काच आपल्यापेक्षा बरी आहे हे सैनिक तोंडानं कबूल करत नाही, पण हातानं करतो.

इंग्रजांची नंबर ३२ ही दुर्बीण तर खरी ब्रेन मशीनगनसाठी योजलेली. तीन पटीची, जड, दणकट. मशीनगनवर काही ती टिकली नाही, पण ली-एनफील्ड रायफलवर बसली आणि मग उठलीच नाही. थोडी डागडुजी करून १९७० च्या एल-४२ रायफलवर तीच, १९८२ च्या फॉकलंड युद्धातही तीच. चाळीस वर्षं तीन पट. काही लोक याला दळभद्रीपणा म्हणतात. आम्हाला तसं वाटत नाही. जी वस्तू आपटून, भिजवून, खोक्यातून काढल्यावर कालच्याच ठिकाणी गोळी टाकते, तिला सैन्य सोडत नाही.

मग झूम आला कुठून? शिकारीतून. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जर्मनीच्या झाइस कंपनीनं झीलमुल्टी नावाची एक ते चार पटीची दुर्बीण काढली. जंगलात धावतं डुक्कर एक पटीवर, माळावरचं हरीण चार पटीवर. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बॉश अँड लॉम्बची अडीच ते चार पटीची बालवार आली, आणि मग साठच्या दशकापर्यंत तीन ते नऊ पट हा शिकाऱ्यांचा लाडका आकडा झाला. तोवर बाष्पाचा प्रश्नही बराच सुटला होता. ल्यूपोल्ड कंपनीनं १९४७ पासून दुर्बिणीत कोरडा नायट्रोजन भरून ती बंद करायला सुरुवात केली. मालकाचा नेम एकदा धुरकटलेल्या काचेमुळे हुकला, त्यातून हे निघालं, अशी कंपनीच सांगते ती गोष्ट.

आता थोडा वेळ दुर्बिणीच्या पोटात शिरू. कंटाळा करू नका, सगळा घोळ इथेच आहे. पुढचं भिंग लक्ष्याची एक प्रतिमा तयार करतं, ती उलटी. मधल्या बारीक नळीत दोन भिंगं असतात, ती प्रतिमा सुलटी करून मागे दुसरीकडे उभी करतात. ती डोळ्याजवळच्या भिंगातून आपण पाहतो. झूमच्या दुर्बिणीत ही मधली दोन भिंगं पुढेमागे सरकतात. त्यांच्या नळीवर तिरप्या खाचा कापलेल्या असतात, बाहेरचं कडं फिरवलं की भिंगं त्या खाचांतून घरंगळतात. तर ही भिंगं सरकताना केसभर जरी बाजूला हलली, तर दुसरी प्रतिमा हलते. आणि नेमाचा काटा जर त्या दुसऱ्या प्रतिमेपाशी पक्का बसवलेला असेल, तर काटा जागेवर आणि चित्र सरकलेलं. म्हणजे तीन पटीवर नेम लावून घेतलेली रायफल नऊ पटीवर वेगळ्या ठिकाणी मारते. काटा पहिल्या प्रतिमेपाशी, झूमच्या पुढे, बसवला तर हा दोष जात नाही पण त्रास जातो. काटा आणि चित्र दोन्ही एकत्र हलतात. मात्र मग पट वाढवली की काटाही जाड होतो. नऊ पटीवर तो लांबचं बारीक लक्ष्यच झाकून टाकतो. अमेरिकन शिकाऱ्याला जाड काटा नको होता, म्हणून तिकडे काटा मागे गेला. युरोपात पहाटे-संध्याकाळी मचाणावर बसणाऱ्याला अंधारात जाड काटा हवाच होता, तिकडे तो पुढेच राहिला. काट्याच्या जागेवरून पुढे काय रामायण झालं ते आता ऐका.

व्हिएतनाम. १९६५-६६ मध्ये मरीन सैन्याला स्नायपर पुन्हा उभे करायचे होते. हाताशी जे होतं ते घेऊन काम सुरू झालं. कार्लोस हॅथकॉक याच्याकडे विंचेस्टर मॉडेल ७० रायफल आणि युनर्टल कंपनीची ठरीव आठ पटीची दुर्बीण. ही दुर्बीण म्हणजे मागच्या पिढीतली लांबलचक नळी. तिच्या आत काहीच हलत नाही. नेम दुरुस्त करायचा तर बाहेरच्या बैठकीचे सूक्ष्म स्क्रू फिरवून अख्खी नळीच तसूभर सरकवायची. धक्क्यानं नळी पुढे घसरते, की हातानं मागे ओढायची. नाजूक, गैरसोयीची, आणि तरी गोळी जिथे सांगितली तिथे जाणारी. हॅथकॉकच्या नावावर ९३ अधिकृत नोंदी आहेत.

मग १९६६ मध्ये मरीननी रेमिंग्टन ७०० ही नवी रायफल एम-४० या नावानं घेतली आणि तिच्यावर रेडफिल्डची तीन ते नऊ पटीची दुर्बीण बसवली. का? जंगलात जवळचं आणि भातखाचरांत लांबचं दिसावं, हे एक कारण. पण दुसरं कारण आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या काळी लांबच्या नेमातला सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे अंतर. शत्रू चारशे यार्डांवर आहे की साडेपाचशे, हे नुसत्या डोळ्यानं सांगणं कठीण, आणि गोळी तर वाटेत खाली पडत जाते. रेडफिल्डमध्ये दोन आडव्या रेघा होत्या. माणसाचा खांद्यापासून पट्ट्यापर्यंतचा भाग साधारण १८ इंच धरायचा, तो दोन रेघांत नेमका मावेपर्यंत झूमचं कडं फिरवायचं, आणि मावला की दुर्बिणीतच एका पट्टीवर अंतराचा आकडा वाचायचा. मंडळी, इथे झूम मोठं पाहण्यापुरता राहिला नाही. तो मोजपट्टी झाला.

भूदलानं तर याच्याही पुढची उडी मारली. जेम्स लेदरवुड या तरुण लेफ्टनंटनं रेडफिल्डच्याच दुर्बिणीला एक कॅम जोडला. माणसाचा ३० इंचाचा भाग रेघांत मावेपर्यंत कडं फिरवा, की कॅम आपोआप दुर्बीण तेवढी वाकवतो. तीन पटीला तीनशे मीटर, नऊ पटीला नऊशे. आकडा वाचायलाच नको, काटा माणसावर ठेवा आणि चाप ओढा. ही दुर्बीण एम-२१ रायफलवर वापरली गेली. इतकी देखणी युक्ती या सगळ्या इतिहासात दुसरी नाही, असं आमचं मत आहे.

पण युद्ध देखण्या युक्तीला दाद देत नाही. पहिली अडचण माणसाची. भाताच्या रोपांत कमरेपर्यंत बुडालेला, बांधाआड वाकलेला, ओझं घेऊन चाललेला माणूस आपले १८ इंच मोजायला उभा राहत नाही. दुसरी अडचण यंत्राची. रेडफिल्डमधली अंतराची पट्टी प्लॅस्टिकची होती. दुर्बीण उन्हाकडे तोंड करून राहिली, की पुढचं भिंग बिलोरी काचेचं काम करी आणि आतलं प्लॅस्टिक वितळे. बाष्पही धरायचं. लाकडी दस्ते दमट हवेत फुगून नळीला दाबत, त्यानं नेम वेगळाच सरके. मग गोळी चुकली तर दोष दुर्बिणीचा, दस्त्याचा की आपला, हे त्या पोराला कळणार कसं? आणि चुकलेल्या गोळीनंतर त्याची जागा समोरच्याला कळलेली असते.

इथे एक न्यायाची गोष्ट सांगायला हवी. चक मॉहिनी हा मरीन स्नायपर हीच एम-४० आणि हीच रेडफिल्ड घेऊन लढला आणि त्याच्या नावावर १०३ अधिकृत नोंदी आहेत. त्यानं वापरलेली एक रायफल मरीनांच्या संग्रहालयात ठेवली होती. म्हणजे झूमवाली दुर्बीण टाकाऊ नव्हती. ९३ विरुद्ध १०३ अशी बेरीज-वजाबाकी करून कुणी ठरीव-झूमचा निकाल लावू नये. त्या आकड्यांमागे माणसं आहेत, दोन्ही बाजूंची. आणि दुर्बिणीतून दिसतो तो चेहरा असतो, एवढं या विषयावर बोलताना विसरून चालणार नाही.

युद्धानंतर मरीननी त्या रायफलीचा पुनर्जन्म केला. लाकडाच्या जागी फायबरग्लासचा दस्ता, जड नळी, नाव एम-४०ए१. आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दुर्बीण: युनर्टलची, पोलादी, ठरीव दहा पटीची. भूदलानं १९८८ मध्ये एम-२४ घेतली, तिच्यावर ल्यूपोल्डची, तीही ठरीव दहा पट. दोन सैन्यं, दोन कारखाने, निकाल एकच. हे नुसतं पोळलेल्या जिभेनं ताक फुंकणं नव्हतं. मधल्या काळात काट्यावर ठिपके आले होते, मिल-डॉट. दोन ठिपक्यांतलं अंतर एक मिल, म्हणजे हजार मीटरवर एक मीटर. सहाशे मीटरवरचा एक मीटर ऐंशी सेंटिमीटरचा माणूस बरोबर तीन ठिपके उंच दिसतो. उंची भागिले ठिपके, अंतर हातात. अंतर मोजायला आता झूम नको, काटाच पुरे.

आणि इथे काट्याच्या जागेचं रामायण येतं. काटा झूमच्या मागे असलेल्या दुर्बिणीत हे ठिपके एकाच पटीवर खरे असतात. समजा नऊ पटीवर खरे आहेत, आणि मघाशी झाडीत बघताना तुम्ही कडं साडेचारवर आणलं आणि तसंच विसरलात. आता चित्र निम्मं झालं, ठिपके तेवढेच राहिले. तोच माणूस तीनऐवजी दीड ठिपका दिसतो. तुमचं गणित सांगतं, बाराशे मीटर. तुम्ही बाराशेची उंची लावता आणि गोळी त्याच्या डोक्यावरून कित्येक मीटर निघून जाते. हिशेब बरोबर, यंत्र बरोबर, माणूस दमलेला, एवढंच. ठरीव दहा पटीच्या दुर्बिणीत ही चूक करताच येत नाही. आमच्या मते ठरीव पटीचं खरं बळ काचेच्या स्वच्छतेत किंवा वजनात नाही, ते इथे आहे. विसरायला काही ठेवलेलंच नाही.

तिची किंमतही होतीच. दहा पटीला शंभर मीटरवर जेमतेम साडेतीन मीटरचा तुकडा दिसतो. पन्नास मीटरवर कुणी गल्ली ओलांडली तर दुर्बिणीत नुसता सदऱ्याचा रंग सरकून जातो. वाळवंटात, माळावर हे चालून गेलं. २००३ नंतर इराकच्या शहरांत आणि अफगाण डोंगरांत एकाच आठवड्यात दीडशे मीटरही आणि हजार मीटरही येऊ लागले. तेव्हा झूम परत आला, पण या वेळी वेगळ्या वाटेनं. काटा पुढे, युरोपियन पद्धतीनं. पट बदलली की ठिपकेही त्याच प्रमाणात लहानमोठे होतात, म्हणून माप कुठल्याही पटीवर खरं. पूर्वीची जाड काट्याची तक्रार काचेवर केसापेक्षा बारीक रेघा कोरून मिटवली. खाचा कापणारी यंत्रं संगणकावर चालू लागली होती. आणि अंतर मोजायला लेसर आला होता, त्यामुळे झूमच्या खांद्यावरचं मोजपट्टीचं ओझं उतरलं. मरीननी जर्मनीच्या श्मिट अँड बेंडरची तीन ते बारा पटीची घेतली. भूदलाची एम-२०१० ही रायफल २०११ मध्ये अफगाणिस्तानात पोचली, तिच्यावर साडेसहा ते वीस पट. इंग्रजांनी तर ऐंशीच्या दशकात याच श्मिट अँड बेंडरची ठरीव सहा पट घेतली होती, मग तीन ते बारा, मग पाच ते पंचवीस. २००९ मध्ये हेल्मंडमध्ये क्रेग हॅरिसननं २,४७५ मीटरवरून गोळ्या लागू केल्या त्या पाच ते पंचवीसवाल्या दुर्बिणीतून.

हल्ली तर साध्या पायदळाच्या सैनिकालाही झूम मिळू लागला आहे. मरीननी वर्षानुवर्षं वापरलेल्या ठरीव चार पटीच्या दुर्बिणीच्या जागी २०२० मध्ये एक ते आठ पटीची निवडली. मात्र सगळीकडे असं नाही. आपल्या सैन्यात वर्षानुवर्षं असलेल्या ड्रॅगुनोव्ह रायफलीवर रशियाची पीएसओ-१, ठरीव चार पट, भिंग २४ मिलिमीटरचं. तिच्या काट्याच्या कोपऱ्यात एक वाकडी रेघ असते. १.७ मीटर उंचीचा माणूस त्या रेघेखाली उभा बसवायचा, जिथे डोकं टेकेल तिथला आकडा म्हणजे अंतर. लेदरवुडनं कॅम लावून जे केलं ते रशियनांनी एक रेघ ओढून केलं. तितकं नेमकं नाही, पण रेघ वितळत नाही. आणि जर्मनीत चांदण्यात रानडुकरावर बसणारे शिकारी अजूनही ठरीव आठ पट आणि ५६ मिलिमीटरचं भिंग मागतात. भागून बघा, बरोबर सात येतं.

तर आता मागच्या रांगेतल्या आमच्या मित्राकडे. मघाशी चहाच्या वेळी आम्ही त्यांना दोनच गोष्टी विचारल्या. रायफल कुठली? तर स्प्रिंगची एअर रायफल. अंतर किती? दहा मीटर, घराच्या गच्चीवर, भिंतीला कागद लावून. म्हणजे त्यांच्या मोबाईलवरच्या दोन्ही दुर्बिणी बाद. स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी धक्का देते, त्यानं भल्याभल्या मोठ्या रायफलींच्या दुर्बिणींची आतली भिंगं सैल होतात. आणि त्या दुर्बिणी शंभर यार्डांवर स्पष्ट दिसावं अशा बेतानं लावलेल्या असतात, दहा मीटरवर नऊ पटीला कागद नुसता धूसर दिसेल, डोळा जरा हलला की काटाही हलल्यासारखा वाटेल. त्यांना हवी ती एअर रायफलसाठी म्हणून केलेली, दहा मीटरपर्यंत जवळचं स्पष्ट करता येणारी. मग ती चार पटीची ठरीव असो की तीन ते नऊची. त्यांनी विचारलं, "पण सर, दोन्हींत तशी मिळाली तर?" आम्ही म्हटलं, गच्चीची लांबी बदलणार आहे का?

दहा मिनिटं उरली आहेत. प्रश्न घेऊ. समोरच्या आजोबांपासून सुरुवात करू, त्यांनी केव्हाचा हात वर धरलाय.